रोजच्या फोटोंवर इफेक्ट: 'ऑइल पेंटिंग'च्या पुढे काही आहे का?

झेरॉक्सवाला_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. दुपारी दोननंतर चारपर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही, तेव्हा काउंटरवर बसल्या बसल्या फोनवर फोटो काढतो. विषय काही भारी नसतात. समोरची रसवंती, रिक्षावाल्यांचा पत्त्यांचा डाव, शाळा सुटल्यावर दप्तर डोक्यावर घेऊन पळणारी पोरं, गच्चीवर आईचे उडदाचे पापड. शिवाय सतारमेकर गल्लीत एक मित्र तंबोरे बनवतो, त्याच्याकडे चहाला गेलो की तिथलेही फोटो होतात. फोन मध्यम किमतीचा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर जिंप, म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर. लोकांच्या कानामागची भिंत पांढरी करून करून लेयर (एकावर एक थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग झाकणं) हे दोन प्रकार हातात बसलेत.

फोटो बरे येतात. म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही आणि कुणी दोनदा बघणारही नाही, इतपत बरे. म्हणून इफेक्टच्या नादाला लागलो.

सुरुवात 'ऑइल पेंटिंग'ने केली. रसवंतीवाला, आमची मांजर आणि सासूबाई, तिघांनाही एकाच पेंटरने एका दुपारात उरकून टाकल्यासारखं दिसतं. मग एक रंग ठेवून बाकीचं काळंपांढरं: लाल एसटी, लाल छत्री, वाळत घातलेली लाल मिरची. ग्रुपवर एसटीला भरपूर बदाम पडले, मिरचीला फक्त मेहुण्याने अंगठा दाखवला, आणि त्याचं बरोबर होतं. स्नॅपसीड या फोनच्या ॲपमधलं 'एचडीआर स्केप' लावलं तर ढग शाई सांडल्यासारखे, माणसांच्या तोंडाला काजळी, आणि विजेच्या प्रत्येक तारेभोवती पांढरी किनार.

एकच गोष्ट जमली. 'डबल एक्स्पोजर'मध्ये त्या तंबोरेवाल्या मित्राचा चेहरा खाली घेतला आणि वर तंबोऱ्याच्या भोपळ्याचा फोटो. मोड 'लाइटन'. यात दोन्हींपैकी जो ठिपका जास्त उजळ तोच टिकतो, त्यामुळे कपाळ नि गाल होते तसे राहिले, आणि डोळ्यांच्या खोबणीत, दाढीत, गळ्याखालच्या सावलीत भोपळ्याच्या सालीचे चट्टे उमटले. पंढरपूरकडून आलेला कच्चा भोपळा होता तो, पॉलिशच्या आधीचा, डागाळलेला. या माणसाची सगळी हयात त्या सालीवर हात फिरवण्यात चाललीय, म्हणून ते चित्र पटतं. त्याच भोपळ्यात मांजर घालूनही बघितली. ते नुसतंच विचित्र दिसतं.

तर प्रश्न असा: फोटोत काय आहे त्यावाचून जो चालतच नाही, असा एखादा इफेक्ट असतो का? कुठल्याही फोटोवर फासता येतो तो नको. ॲप विकत घ्यायला लावू नका, एवढीच विनंती.

---

जुनी_डार्करूम

पुण्यात पस्तीसेक वर्षं स्टुडिओ चालवला, आता बंद आहे. तुम्ही विचारताय त्याचं अर्धं उत्तर रसायनात आहे.

हल्ली ज्याला इफेक्ट म्हणतात त्यातले बरेचसे मुळात डार्करूममधले अपघात किंवा खोड्या आहेत. सोलरायझेशन घ्या. प्रिंट डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, असतानाच दिवा लागला की अजून न उमटलेला भाग काळवंडतो आणि काही छटा उलट्या होतात. शास्त्रीय नाव सबातिए इफेक्ट, त्याचं वर्णन 1860च्या दशकातलं आहे. पुढे 1929च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे आणि ली मिलर यांनी त्याची शैलीच करून टाकली. जिंपमध्ये करायचं तर 'कर्व्हज' (छटा उजळ-गडद करायची रेघ) उघडा. डावं टोक तळाशी आहे तिथेच ठेवा, मधला भाग पार वर उचला, उजवं टोक पुन्हा तळाला आणा. डोंगराचा आकार झाला पाहिजे. मधल्या छटा उजळतील आणि जे मुळात पांढरं होतं ते काळं पडेल. आधी फोटो काळापांढरा करा, नाहीतर रंगांचा शिमगा होतो.

पण एक गोष्ट कर्व्हजने येत नाही. खऱ्या सोलराइज्ड प्रिंटमध्ये उजेड आणि अंधार जिथे भिडतात तिथे एक बारीक फिकी रेघ उठते. तिला मॅकी लाइन म्हणतात. डेव्हलपिंग होताना तयार होणारं ब्रोमाइड त्या सीमेवर साचतं आणि तिथलं काम मंदावतं, म्हणून ती रेघ. कॉम्प्युटरला ब्रोमाइड ठाऊक नाही. तेव्हा फोटोचा एक लेयर कॉपी करा, त्यावर 'एज डिटेक्ट' (कडा शोधणारा फिल्टर) लावा, मोड 'स्क्रीन' करा आणि ऑपॅसिटी (थराचा दाटपणा) निम्म्याखाली आणा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे बघा: ही रेघ उठायला फोटोत ठळक कडा लागते. साध्या भिंतीपुढे ठेवलेला भोपळा उत्तम. पत्त्यांच्या डावावर लावाल तर नुसतं जाळं दिसेल.

दुसरा प्रकार ऑर्टन इफेक्ट. मायकेल ऑर्टन या कॅनडातल्या छायाचित्रकाराने 1980च्या दशकात दोन स्लाइड एकावर एक ठेवल्या. दोन्ही मुद्दाम जास्त उजळ काढलेल्या, एक स्पष्ट, एक आउट ऑफ फोकस. एकत्र धरल्या की प्रकाश गाळून येतो नि सगळं धुक्यात उजळल्यासारखं दिसतं. सकाळच्या झाडांना शोभतं. लग्नाच्या अल्बमवाल्यांनी त्याचा इतका चोथा केलाय की मी स्वतः वापरत नाही.

---

नाना_ठाणेकर

एक भाबडा प्रश्न. पापड पापडासारखे दिसले तर बिघडलं कुठं? आमच्या वेळी फोटो म्हणजे जे समोर होतं ते. आता आधी फोटो काढायचा, मग त्याच्यावर तासभर खपायचं, आणि शेवटी तो फोटो राहत नाही नि चित्रही होत नाही.

---

अपवर्तन

झेरॉक्सवाले दादा, तुम्हाला हवा आहे तो इफेक्ट म्हणजे हॅरिस शटर. मी रत्नागिरीत फिजिक्स शिकवते, वर्गात प्रकाशाच्या मूळ रंगांसाठी हाच करून दाखवते. पोरं खूश असतात.

कोडॅकमधल्या रॉबर्ट हॅरिस यांनी लेन्ससमोरून खाली पडणारी एक पट्टी केली होती. तिच्यात लाल, हिरवा, निळा असे तीन फिल्टर. फिल्मच्या एकाच चौकटीवर तिन्ही रंगांचा उजेड एकामागून एक पडायचा. जे स्थिर आहे त्याला तिन्ही रंग सारखे मिळतात, म्हणून ते नेहमीच्या रंगात दिसतं. जे हललं ते तीन क्षणांत तीन ठिकाणी होतं, म्हणून ते रंगीत होतं. म्हणजे फोटोत काही हललंच नाही तर इफेक्ट शून्य. निर्जीव भिंतीवर तो लागूच शकत नाही.

आता फोनवर. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून पक्का करा, हातात धरून जमणार नाही. प्रो मोड असेल तर एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक) तिन्ही बांधून टाका. नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये निदान फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. थोड्या थोड्या अंतराने तीन फोटो काढा. जिंपमध्ये प्रत्येकाला 'कलर्स'मधल्या 'कंपोनंट्स'मध्ये जाऊन 'डीकंपोज' करा. मॉडेल आरजीबी, आणि लेयर्सची खूण काढून टाका, म्हणजे तीन सुट्या काळ्यापांढऱ्या इमेज मिळतील. पहिल्या फोटोची लाल ठेवा, दुसऱ्याची हिरवी, तिसऱ्याची निळी. बाकीच्या सहा बंद करा. मग तिथेच 'कंपोज', आणि कुठल्या चॅनेलला कुठली इमेज ते निवडा. झालं.

रंग कुठला येणार हे आधी सांगता येतं, मजा त्यातच आहे. अंधारातून उजळ वस्तू गेली, समजा रात्री दिवे लावलेली रिक्षा, तर ती लाल, हिरवी, निळी अशी उमटते. उजेडासमोरून गडद वस्तू गेली तर उलटं. लाल फोटोत तिने लाल अडवला, म्हणून तिथे उरतो मोरपंखी, म्हणजे सायन. हिरव्यात अडवलं तर गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा, निळ्यात अडवलं तर पिवळा. म्हणून सावल्यांवर करून बघा! तीन फोटोंमध्ये तासातासाचं अंतर ठेवा.

ही कल्पना हॅरिसच्याही आधीची आहे. मॅक्सवेलने 1861 मध्ये लंडनला एका चौकड्यांच्या रिबिनीचे असेच तीन फिल्टरमधून घेतलेले फोटो एकावर एक पाडून रंग दाखवला होता. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की हे गृहस्थ 1909पासून झारच्या पाठिंब्याने देशभर फिरून एकामागून एक तीन फोटो घेत होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह 1948 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकत घेतल्या, आज नेटवर फुकट बघता येतात. त्यांतल्या नद्यांचं पाणी बघा, लाटांवर रंगीत काठ दिसतात. त्यांच्या दृष्टीने तो दोष होता, आपण तो मुद्दाम करतोय.

जाता जाता: तंबोऱ्याच्या तारेचा फोटो भर उन्हात काढून बघा, छेडल्याबरोबर. फोनचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात तार इकडून तिकडे जाऊन येते आणि फोटोत ती सापासारखी नागमोडी दिसते. फोन आडवा धरा, तार फ्रेममध्ये उभी येऊ द्या. नाही दिसलं तर फोन फिरवून बघा. यात एडिटिंग काहीच नाही.

---

झेरॉक्सवाला_मिरज

ताई, दुकान बंद करायची वेळ झाली तरी मी 'डीकंपोज' करत बसलो होतो, बायकोचा फोन आला तेव्हा उठलो.

आधी स्टँडचा रस्ता. फोन लॅमिनेशन मशीनवर टेकवला होता. रसवंतीचा बोर्ड, लिंबाचं खोड, खांब, सगळं रोजच्या रंगात. आणि मधल्या रस्त्यावर मोरपंखी माणूस, पिवळी बाई, गुलाबी सायकल, सगळे अर्धे पारदर्शक. एक माणूस तिन्ही फोटोंत जागचा हललेला नाही: फलाटावर पेपर वाचणारा. तो एकटाच पूर्ण खरा दिसतो! हे मला आधी सुचलंही नव्हतं. त्या गर्दीत कोण थांबलंय आणि कोण चाललंय ते चित्र आपोआप निवडून दाखवतं. एसटीचा मात्र काही उपयोग नाही, ती सगळी फ्रेम व्यापते आणि नुसता रंगाचा पडदा येतो.

झाडाची पानं वाऱ्यावर हलल्यामुळे लिंबाच्या शेंड्याला रंगीत भुरभुर आली आहे, होळीनंतर केसांत राहते तशी. ती मला आवडली, ठेवली.

मग पापड. गच्चीच्या कठड्यावर फोन ठेवला, सकाळी नऊ, दहा आणि अकराला एकेक फोटो. दोरीवरच्या साडीची सावली खाटेवरून सरकत गेली होती, तिचे तीन रंगीत पट्टे पापडांवर पडले. जिथे दोन सावल्या एकमेकींवर आल्या तिथे गडद रंग. मधला एक पट्टा लालसर आहे, हिशोब केला: हिरवा नि निळा दोन्ही अडले की लालच उरणार. आईने बघितलं आणि विचारलं, पापडखारात रंग कुणी घातला?

एक अडचण आली. माझ्या फोनमध्ये व्हाइट बॅलन्स बांधता येत नाही. अकराचं ऊन त्याने आपल्या मनाने सुधारलं, त्यामुळे स्थिर भागालाही निळसर झाक आली. तिन्ही काळ्यापांढऱ्या इमेजमध्ये खाटेच्या पायाचा करडेपणा 'लेव्हल्स'ने सारखा केल्यावर सुटली. कुणाला हवं असेल तर हे लक्षात ठेवा.

डार्करूमकाका, भोपळ्यावर तुमचं सोलरायझेशनही केलं. एज डिटेक्टची रेघ आधी फार कडक आली, थोडं गॉशियन ब्लर (धूसर करणारा फिल्टर) दिल्यावर मऊ झाली. खरी मॅकी लाइन मी कधी बघितलेली नाही, पण ही दिसायला चांगली आहे.

आणि नाना, तुमच्यावर मला राग नाही, पण समोर होतं तेच फोटोत असतं हे माझ्या धंद्यात कुणी मानत नाही. पासपोर्ट फोटोला आलेल्या दहातले सहा जण म्हणतात, "जरा गोरा करून द्या." लग्नाच्या स्थळासाठी असेल तर बरोबर आलेली मावशी सांगते. मी करत नाही. ओळखपत्राच्या फोटोत माणूस ओळखू आला पाहिजे, त्याचा रंग बदलणं ही माझ्या लेखी फसवणूक आहे, वर बिचाऱ्याला स्वतःच्याच कातडीची लाज शिकवायची. पण मोरपंखी माणूस बघून कुणी म्हणणार आहे का, की मिरजेत मोरपंखी माणसं फिरतात? तो इफेक्ट लपत नाही. मला लपणाऱ्याची भीती जास्त वाटते.

---

जुनी_डार्करूम

नानांना माझ्याकडूनही एक. 1857 मध्ये इंग्लंडात ऑस्कर रेलँडरने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच मोठा प्रिंट केला होता. फोटोग्राफी तेव्हा जेमतेम विशीत होती. आपल्याकडेही स्टुडिओत काळ्यापांढऱ्या लग्नाच्या फोटोला हाताने रंग भरायचे, गालाला गुलाबी, शालूला हिरवा, काठाला सोनेरी. मीही भरलेत. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने देवीचे व्रण बुजवणं हे तर रोजचं काम. नवरीचा शालू खरा कुठल्या रंगाचा होता ते कुणी विचारत नसे, डब्यात जो रंग शिल्लक असेल तो.

आणि हल्लीचा फोन रात्री एका बटणात अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी करतो, तुम्हाला न सांगता.

---

नाना_ठाणेकर

बरं. शालूचं मान्य. आमच्या हिच्या फोटोत शालू मोरपंखी आहे आणि ती पन्नास वर्षं सांगतेय की तो वांगी रंगाचा होता.

तरी पापडाबद्दल माझं मत कायम.

---

शाईचा_डाग

इचलकरंजीत प्रिंटिंगमध्ये आहे. दादा, हे प्रिंट करणार असाल तर आधीच सांगतो, हिरमोड होईल. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त परत पाठवतो. तुमचे ते लख्ख हिरवे, निळे, जांभळट रंग शाईच्या आवाक्याबाहेर असतात. निळा हमखास जांभळा नाहीतर मळकट होतो. मोरपंखी आणि पिवळा मात्र बरे येतील, कारण त्या प्रिंटरच्या स्वतःच्या शाया आहेत. म्हणून उजेडासमोरच्या गडद आकृत्या आणि सावल्या छापायला घ्या, रात्रीचे दिवे फोनवरच राहू देत. छापण्याआधी सॅच्युरेशन थोडं उतरवा, म्हणजे कुठला रंग किती मरणार ते प्रिंटर ठरवणार नाही, तुम्ही ठरवाल.

दुसरं, कर्व्हज इतके ताणल्यावर आकाशात पायऱ्या पडतात. जेपेगमध्ये एका चॅनेलला 256च पायऱ्या, त्या ओढून लांब केल्या की मधल्या फटी दिसायला लागतात. जिंपमध्ये आधी 'प्रिसिजन' 16 बिट करून मग काम करा आणि शेवटी अगदी हलका ग्रेन टाका. मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर आणत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ केबल लावा.

---

झेरॉक्सवाला_मिरज

केबलच लावतो. पापडांचा फोटो ए थ्री मध्ये काढून दुकानाच्या काचेत लावायचा विचार आहे. स्टँडवालाही लावला असता, पण त्यातल्या पिवळ्या बाई ओळखीच्या निघाल्या, त्यांना विचारल्याशिवाय नाही. फोन 12 मेगापिक्सेलचा आहे, पुरेल का? आणि काचेवर दुपारनंतर ऊन येतं.

---

शाईचा_डाग

ए थ्रीची लांब बाजू साडेसोळा इंच. तुमचा फोटो 4000 पिक्सेल रुंद असेल, म्हणजे इंचाला 240च्या आसपास पडले. पुस्तकात 300 मागतात, पण काचेतला फोटो लोक फुटपाथवरून बघणार, काही बिघडत नाही. फक्त खाटेचा पाय कापायला म्हणून जास्त क्रॉप करू नका.

उन्हाचं बघा मात्र. दुकानातल्या इंकजेटची डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) असेल तर रंग लवकर उडतील. पिगमेंट शाईवर (बारीक कणांच्या) काढून घ्या, मॅट कागदावर, काचेच्या मागे ग्लॉसी लावलात तर दोन्हींची चमक एकत्र येऊन समोरची रसवंतीच दिसत राहील.